एकतीस मार्चची घट

तव्यावर तिसरी भाकरी फुगली होती, चहा ओतू जायच्या बेतात होता, आणि आतल्या खोलीतून शरणप्पा चौथ्यांदा विचारत होते, "आधी लाल बुचाची बाटली का पांढऱ्या?"

"लाल. मग पाच मिनिटं गप पडा. मग पांढरी."

"पाच मिनिटं कशी कळायची? घड्याळ दिसंना की."

"माझी भाकर होईस्तोवर पडा. ती झाली की पाच मिनिटं झाली."

लातूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून त्यांना कालच घरी आणलं होतं. चाकूरच्या बियाणे सोसायटीचे ते सचिव. तीस वर्षांत मार्चअखेरीला त्यांनी रजा घेतल्याची ही पहिलीच वेळ. एप्रिलची दोन तारीख होती. सिद्धम्मानं चहा खाली उतरवला आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात अंजू होती. सिद्धम्माची धाकटी जाऊ, दीर सोमेशची बायको. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र. सिद्धम्माची नजर तोंडावर जायच्या आधी त्या ओळखपत्रावर गेली. 'सौ. अंजू सोमेश. लेखापाल.' दीड वर्ष झालं, दर वेळी आधी तिथंच जायची.

"अक्का, भाकरीच्या वेळेला आले, चिडू नका. दहाच मिनिटं."

"ये की. चिडायला काय झालं?" सिद्धम्मानं हात पदराला पुसत म्हटलं. "तुला हाय वेळ म्हणून तू आलीस. आम्ही काय, चुलीपुढंच."

अंजूला त्यातली मेख कळली असेल किंवा नसेल. ती ओट्याशेजारी स्टूल ओढून बसली.

इथं थोडं मागं जायला हवं.

सिद्धम्मा उदगीरची. बी. कॉम. दुसऱ्या वर्गात पास. लग्न होऊन चाकूरला आली, तेव्हा शरणप्पा नुकतेच सोसायटीत लागले होते. माणूस सरळ, शेतकऱ्यांत लाडका, पण आकड्यांपुढं बसला की घाम फुटायचा. पहिल्या मार्चला तेरीज, म्हणजे जमा-नावेचा गोषवारा, जुळेना म्हणून ते कीर्द आणि खतावणी घरी घेऊन आले आणि म्हणाले, "जरा बघतीस का?" तिनं बघितलं. तेव्हापासून एकोणतीस वर्षं ती बघतच राहिली. दुपारी भांडी झाली की वह्या उघडायच्या. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, सगळं तिच्या अक्षरात. खाली सही शरणप्पांची. गावात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीच कधी बोललं नव्हतं. तिलाही कधी बोलावंसं वाटलं नव्हतं. निदान अंजू येईपर्यंत तरी.

अंजूनं लग्नानंतर एम. कॉम. केलं, मग सहकाराची ती सरकारी पदविका. त्या परीक्षेला बसायचं सिद्धम्माच्या मनात कधीकाळी होतं. अर्जसुद्धा आणला होता. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि अर्ज राहिला तो राहिलाच. अंजू अभ्यासाला बसायची तेव्हा तिची शिवानी दहा महिन्यांची होती. तिला सांभाळलं कुणी? सिद्धम्मानं. मांडीवर थोपटून, कण्या भरवून, अंगणात चिमण्या दाखवून. अंजू पास झाली त्या दिवशी पेढा आधी सिद्धम्माच्याच तोंडात भरवला गेला. गोड लागला, आणि गिळता गिळेना.

पुढं सोसायटीचे हिशेब कॉम्प्युटरवर गेले. पगारी लेखापाल नेमायचं ठरलं. अंजूची नेमणूक झाली. त्याच सालच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्ष अमृतरावांनी तिला शाल-नारळ दिलं आणि माईकवर म्हणाले, "आपल्या संस्थेचे हिशेब पहिल्यांदाच एका शिकलेल्या बाईच्या हातात जात आहेत."

पहिल्यांदाच!

सिद्धम्मा तेव्हा मागच्या रांगेत, शिवानीला मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या. शिवानीचे दोन्ही हात हातात धरून, तिच्याच हातांनी.

तर त्या सकाळी अंजू स्टुलावर बसून सांगत होती, "नांदेडचे लेखापरीक्षक आहेत ना, रेणुकादास सर, त्यांचं पत्र आलंय. यंदाच्या अहवालात एक पान नवीन घालायचं आहे. हिशेबाची धोरणं. म्हणजे आपण कुठली गोष्ट कशी धरतो, दरवर्षी तशीच धरतो का, ते लिहून द्यायचं. आजवर आपल्या अहवालात असं पानच नव्हतं, अक्का. मी जुने ताळेबंद काढून बघितले. आकडे आहेत, पण ते कसे आले ते कुठंच नाही."

"कुठं असणार? डोक्यात होतं."

"म्हणून तर आले." अंजू हसली. "बियाणं साफ करायच्या यंत्राचा घसारा?"

"दर साल सारखाच. पंधरा वर्षांत यंत्र संपवायचं."

"विक्री कधी धरायची? पैसे आल्यावर?"

"छे. गेटपास फाटला की विक्री झाली. पैसे काय, दिवाळीलाबी येतात."

"आणि सरकारी अनुदान?"

"खात्यात आल्याबिगर धरायचं नाही. मग कुणी भाषणात कितीही कबूल केलेलं असू दे."

आतून शरणप्पा हसले. "लिहून घे अंजू! भाषणाचंबी लिही."

अंजूची बोटं टकटक चालत होती. सिद्धम्माला क्षणभर फार बरं वाटलं. कुणीतरी विचारतंय, आपण सांगतोय, ते लिहिलं जातंय. आणि लगेच पुढचा विचार आला. ते पान छापून येणार, पाचशे सभासदांच्या हातात जाणार, आणि खाली नाव कुणाचं? निळ्या फितीचं.

"शेवटचं," अंजू म्हणाली. "एकतीस मार्चचा सोयाबीनचा साठा. पोती गुणिले साठ किलो, आणि खरेदीचा दर किंवा बाजारभाव, जो कमी असेल तो. असंच ना?"

सिद्धम्मानं भाकरी उलटली.

असं नव्हतं. अर्धं होतं, अर्धं नव्हतं. दर बरोबर होता, वजन चुकीचं होतं.

ऑक्टोबरात सभासदांचं सोयाबीन आत घेताना सोसायटी ओलावा मोजते. बारा टक्क्यांच्या वर जेवढा निघेल तेवढी कपात करून मगच पोत्याचं वजन साठ किलो लिहिते. त्यामुळं सगळे समजतात की ओलाव्याचा विषय तिथंच मिटला. तो मिटत नाही. पत्र्याच्या गोदामात ते धान्य पाच महिने वाळत राहतं. मार्चअखेरीला बाराचे नऊ टक्के होतात, आणि पोतं न उघडता, शिवण न उसवता, पोत्यामागं पावणेदोन-दोन किलो हवेत गेलेलं असतं. पहिल्या वर्षी तिनंही पोती गुणिले साठच केलं होतं. मे महिन्यात माल तीस क्विंटल कमी भरला आणि शरणप्पांवर चौकशी यायची वेळ आली. त्यानंतर दर एकतीस मार्चला, दुपारी तीनच्या उन्हात, ती नवऱ्याबरोबर गोदामात जायची. प्रत्येक थप्पीतली दहा पोती काढायची, दोन वरची, सहा मधली, दोन तळाची. काट्यावर घालायची, सरासरी काढायची आणि साठा त्या वजनानं धरायचा. वहीत मात्र उतरायचं फक्त शेवटचं वजन. गेल्या सालीही अंजूच्या हाती तेवढाच तयार आकडा गेला होता. गोदामातली कोंडाबाई पोती ओढायची, शरणप्पा काटा बघायचे, आणि ती कागदावर लिहायची. शरणप्पांना त्यातलं एवढंच कळायचं, की हिचं काहीतरी असतं.

यंदा एकतीस मार्चला ती लातूरच्या दवाखान्यात होती. तरी अजून उशीर झाला नव्हता. आज सांगितलं असतं तर आज दुपारी पोती मोजता आली असती.

"अक्का? असंच ना?"

"हं," सिद्धम्मा म्हणाली.

एवढंच. त्या 'हं'ला वजन नव्हतं. अंजूनं लिहून घेतलं, चहा घेतला, आतल्या शरणप्पांना हाक मारून "थेंब वेळेवर घाला" म्हणाली आणि गेली. सिद्धम्मानं तव्याकडं बघितलं. भाकरी एका बाजूनं काळी पडली होती.

पुढचे पाच-सहा आठवडे तिनं स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. तिला पगार मिळतो, तिनं शोधावं. पदविका आहे ना? आपल्याला कुणी शिकवलं होतं? शिवाय आपण खोटं कुठं बोललो? कालवण ढवळताना, तांदूळ निवडताना हे सगळं पटायचं. शिवानी धावत येऊन गळ्यात पडली की पटायचं नाही.

तशात अमृतराव घरी येऊन गेले, शरणप्पांच्या डोळ्याची चौकशी करायला. जाताना म्हणाले, "यंदा नफा जोरात हाय बरं का, सचिव. अंजूबाईनं कच्चा ताळेबंद दाखवला. मी तर चार गावांत सांगून टाकलं, लाभांश दोन टक्के वाढवून देतो म्हणून." सिद्धम्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. वाळून गेलेलं वजनही साठ्यात धरलेलं; तिला माहीत होतं तो नफा कुठून आला आहे. हवेतून.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी कोंडाबाई आली. ही गोदामातली जुनी कामकरीण. किल्ली तिच्याच कमरेला असायची. सांडलेली झाडण शेळ्यांना नेण्याची मुभा तिला अध्यक्षांनीच दिली होती. ती उंबऱ्यातच बसली, आत येईना.

"अक्का, किल्ली काढून घेतली माझी."

"कुणी?"

"मालकानं. अमृतरावानं. ग्रेडिंगला माल काढला, तर अडतीस क्विंटल कमी भरला म्हणत्यात. पोती पुरी हायती, एकवीसशेच्या एकवीसशे. वजन न्हाई. मग म्हणत्यात कोंडाबाई झाडणीच्या नावानं मुठीमुठीनं काढत हुती." ती हसायला गेली आणि तिचा आवाज चिरला. "एकवीसशे पोत्यातून मूठ मूठ काढाया मला दुसरा जलम घ्यावा लागंल की ओ! माझ्या शेळ्या बगा येऊन. अडतीस क्विंटल खाल्लं असतं तर म्हशी झाल्या असत्या त्यांच्या."

"तू सांगितलं नाहीस? आपण मोजायचो ते?"

"सांगितलं की. अंजूबाईला एप्रिलातच सांगितलं, अक्का दर साल दहा-दहा पोती मोजून बगायच्या म्हणून. तर ती म्हणली, 'मी अक्कांना विचारलंय कोंडाबाई. काही वेगळं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.'"

सिद्धम्मानं तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. स्वतः मात्र उभीच राहिली.

आणि खरं लिहायचं तर, त्या क्षणीही तिच्या मनात आधी आलं ते कोंडाबाईचं नव्हतंच. आलं ते हे, की आता अंजू सापडली. आता सगळे म्हणतील, पहिले हिशेब बरे होते. हे एकदा ऐकायला मिळावं म्हणून दीड वर्ष जीव आतल्या आत जळत होता. त्यानंतर उंबऱ्यातल्या बाईच्या कमरेकडं तिची नजर गेली. जिथं किल्ली खोचायची ती, तिथं तिचा हात पुन्हा पुन्हा जात होता आणि रिकामा परत येत होता.

दुसऱ्या दिवशी संचालकांची बैठक होती. सिद्धम्मानं कपाटातून कागदांचं पुडकं काढलं. एकेका सालाचा एकेक कागद, थप्पीवार वजनं, खाली सरासरी. शरणप्पा काळा चष्मा लावून तयार झाले. "कुठं चाललो आपण?" त्यांनी विचारलं.

"घट सांगायला."

"ती तू अंजूला सांगितली नव्हतीस?"

ती चपला घालत राहिली. शरणप्पा मागोमाग बाहेर पडले. डोळ्यांनी कमी दिसत असलं तरी बाकीचं त्यांना दिसत होतं.

सोसायटीच्या कार्यालयात ती याआधी कितीतरी वेळा आली होती, डबा द्यायला. बैठकीच्या खोलीत कधीच नाही. टेबलाभोवती सात-आठ संचालक, एका टोकाला रेणुकादास, एका टोकाला लॅपटॉप उघडून अंजू. तिचं तोंड सुकलेलं होतं. भिंतीला पाठ लावून कोंडाबाई उभी.

"वहिनी? बसा," अमृतराव म्हणाले. "आता तुम्हीच सांगा. आवकेलाच ओलाव्याची कपात केली, मग ही तूट आली कुठून?"

सिद्धम्मानं पुडकं सोडलं. आधी आवाज बारीक निघाला, मग लागला. बारा टक्क्यांचे नऊ कसे होतात, पत्रा मार्चमध्ये कसा तापतो, तळाची पोती कमी का वाळतात, मधली जास्त का मोजायची. दर सालची घट कमीत कमी अडीच टक्के, जास्तीत जास्त साडेतीन. यंदाची तीन. रेणुकादासांनी कागद एकेक करून उलटवले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन सालांचे आकडे जुन्या ताळेबंदाशी ताडून पाहिले.

"जुळतात," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी समजत होतो, सचिवांचं वजन अंदाजानं आहे. हे तर नमुना काढून केलेलं आहे. शिल्लक मालातली पोती आज माझ्यासमोर मोजा. तेवढीच निघाली, तर साठा दुरुस्त करू. ही चोरी नाही. नफा मात्र दीड-पावणेदोन लाखांनी खाली येईल."

"आणि माझे दोन टक्के?" अमृतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"ते हवेत गेले, मालक," कोंडाबाई भिंतीपासून म्हणाली, आणि दोन संचालक तोंडावर हात धरून हसले.

अमृतराव हसले नाहीत. ते अंजूकडं वळले. "अंजूबाई, एवढी माहितगार बाई तुमच्या घरातच हाय. मग विचारायला काय झालं होतं? आधीचे हिशेब बघा. इतक्या सालांत असं एकदा तरी झालं का?"

हेच ते शब्द. दीड वर्ष ज्यांची वाट बघितली होती तेच, भर सभेत, सगळ्यांच्या देखत. सिद्धम्मानं अंजूकडं बघितलं. आता ही सांगणार, मी विचारलं होतं, यांनी हं म्हटलं होतं.

अंजूनं लॅपटॉप अर्धा मिटला. "माझी चूक झाली, साहेब," ती म्हणाली. "मी स्वतः जाऊन मोजायला हवं होतं."

आणि ती समोरचे कागद गोळा करू लागली.

सिद्धम्माला तेव्हा पश्चात्ताप झाला असं कुणी म्हणेल. तेवढंच नव्हतं. तिला पुन्हा हेवाच वाटला, आधीपेक्षा जास्त. पदविका हिची, पगार हिचा, ओळखपत्र हिचं, आणि आता हे मोठेपणही हिनंच घ्यायचं? एवढं एक तरी आपल्याला नको का?

"तिनं विचारलं होतं," सिद्धम्मा म्हणाली.

रेणुकादासांनी कागदांवरून मान वर केली.

"दोन एप्रिलला सकाळी घरी येऊन विचारलं होतं. पोती गुणिले साठ, असंच ना, म्हणून. मी हं म्हटलं. मला माहीत असून म्हटलं. तिची चूक नाही. कोंडाबाईची तर नाहीच नाही."

"पण का, वहिनी?" अमृतराव खरोखरच गोंधळले होते.

 सभेत 'पहिल्यांदाच' म्हणणाऱ्या माणसाला ते कसं समजावून सांगायचं, हे तिला सुचलं नाही. शरणप्पांनी टेबलाखालून तिच्या हाताला हात लावला आणि मोठ्यांदा म्हणाले, "आधी कोंडाबाईची किल्ली द्या. बाकीचं मग विचारा."

किल्ली मिळाली. ती हातात घेताना कोंडाबाईनं सिद्धम्माकडं बघितलं, पण काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं पुढं कितीतरी दिवस टिकलं. वाटेत भेटली तर मान हलवायची, थांबायची नाही. सिद्धम्मानं ते मान्य केलं. ते तिच्याच वाट्याचं होतं.

दुपारभर पोती मोजली. घट तीन टक्क्यांना थोडी कमी निघाली. संचालक गेले, रेणुकादास नांदेडच्या गाडीला गेले. कार्यालयात दोघी जावाच उरल्या. अंजूनं लॅपटॉप उघडला, धोरणांचं पान समोर आणलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "सांगा. साठ्याचं."

"वर्षअखेरीस प्रत्येक थप्पीतील दहा पोत्यांचे प्रत्यक्ष वजन करून," सिद्धम्मा सांगू लागली, "त्या सरासरीनुसार साठ्याचे वजन निश्चित केले जाते…"

अंजू लिहीत गेली. शेवटचं वाक्य झालं. मग पडद्याकडं बघतच म्हणाली, "शिवानीला तुम्ही आठ महिने सांभाळलंत. मी पास झाले ते तुमच्यामुळं, हे मी सगळ्यांना सांगते, अक्का. तुम्हाला माझं काय एवढं सलतं?"

"सगळंच," सिद्धम्मा म्हणाली. "तू सकाळी साडी नेसून कामाला निघतेस ना, तेसुद्धा. तुझं वाईट व्हावं असं नाही. पण बघवत नाही."

अंजूनं पहिल्यांदाच मान वर केली. रागावावं का हसावं तिला कळेना. "निदान खरं तरी बोललात," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "पानाखाली तुमचं नाव घालू? पद्धत यांची, असं?"

सिद्धम्मानं विचार केला. दोन महिन्यांपूर्वी ती याच प्रश्नासाठी काहीही द्यायला तयार झाली असती.

"नाव नको," ती म्हणाली. "सही करणाऱ्याचंच नाव असावं, ते बरोबर आहे. मला एकच हवं. येत्या एकतीस मार्चला पोती मोजायला जाशील, तेव्हा मला हाक मार. मी येईन."